१ जूनचा वाढदिवस

२०२५ सालच्या ३१ मेची गोष्ट. शनिवार होता. संध्याकाळी फोन वाजला.

"बाई, ओळखलंत का?"

आवाज ओळखला नाही. वय झालं की कान आधी दगा देतात. पण त्याने गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "त्र्याहत्तर सालची पहिली, बाई. खिडकीजवळ बसायचो." मग आठवला. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर) एक दुष्काळी गाव, दोन शिक्षकी शाळा, आणि नुकतीच बी.ए., डी.एड. होऊन नोकरीला लागलेली तेवीस वर्षांची मी.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तो हसत म्हणाला, "बाई, आज रिटायर झालो. काल कचेरीत निरोपसमारंभ झाला. तुम्ही लिहिलेल्या तारखेनं रिटायर झालो."

मीही हसले. पण फोन ठेवल्यावर रात्रीचं जेवण काही नीट गेलं नाही. का, ते शेवटी सांगते. आधी थोडा इतिहास सांगायचा आहे, आणि तोही कॉम्प्युटरचा. घाबरू नका. मी इतिहासाची बाई, गणिताची नव्हे. मला समजला तो तुम्हालाही समजेल.

तर झालं असं, की त्याच आठवड्यात माझी नात सुट्टीला घरी आलेली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जावा नावाच्या भाषेत तिला एक प्रोजेक्ट करायचं होतं: शाळेचा निकाल. वर्ग सांगितला की विद्यार्थी मिळावेत, विद्यार्थी सांगितला की विषय, विषय सांगितला की गुण. दोन दिवस ती स्क्रीनकडे बघून वैतागत होती. "आजी, आतल्या मॅपमधली व्हॅल्यू काढायला गेलं की नल येतो!" तिसऱ्या दिवशी एकदम खूश. "झालं! आता नल आला की शून्य धरायला सांगितलं."

मी सहज डोकावले. चाचणीसाठी तिने चार मुलं घेतली होती. तिघांना ६०, ७० आणि ८० गुण. चौथ्याची नोंदच नव्हती. वर्गाची सरासरी दिसत होती ५२.५.

"अगं, हा चौथा परीक्षेला बसला होता का?"

"नाही ना. म्हणून तर नल येत होता."

"मग तो गैरहजर आहे. नापास नाही. सरासरी ७० आहे, साडेबावन्न नव्हे."

तिने माझ्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. पस्तीस वर्षं निकालपत्रकं भरलेल्या बाईला शून्य आणि गैरहजर यातला फरक दिसणारच! पण मला कुतूहल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. वस्तू मागितली आणि ती जागेवर नसली तर यंत्राने काय करावं, हा प्रश्न पहिल्यांदा कोणाला पडला असेल? नातीला म्हटलं, मला याचा इतिहास वाचायला काढून दे. तिने कागदांचा गठ्ठाच छापून आणला. महिनाभर तो पुरवून वाचला, अडलं तिथे तिला विचारलं. त्यातून जे हाती आलं ते असं.

आधी 'की' आणि 'व्हॅल्यू' म्हणजे काय ते सांगते. शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यात प्रत्येक मुलाला एक नंबर. तो नंबर ही किल्ली, म्हणजे की. त्या नंबरापुढची ओळ (नाव, जन्मतारीख, मागची शाळा, शेरा) ही व्हॅल्यू. किल्ली एकाच मुलाची असते, दोघांना एक नंबर देता येत नाही. व्हॅल्यू मात्र कितीही वेळा येऊ शकते. एका वर्गात तीन संजय असतातच.

आता कपाटात एक खण, खणात एक रजिस्टर, रजिस्टरात एक ओळ, ओळीत एक रकाना, असं एकात एक असलं की झाला 'नेस्टेड' संग्रह. त्यातून एक तारीख काढायची तर चार किल्ल्या ओळीने लावायला लागतात. एक जरी चुकली, तरी पुढच्या तिन्ही निरुपयोगी.

पहिला प्रश्न होता वेगाचा. हजारो नोंदींतून हवी ती पटकन कशी शोधायची? पहिल्या ओळीपासून वाचत गेलं तर यंत्रसुद्धा दमतं. १९५३ च्या जानेवारीत आयबीएममधल्या हान्स पीटर लून नावाच्या इंजिनिअरने कंपनीतल्या कंपनीत एक टिपण लिहिलं. हा माणूस जर्मनीत जन्मलेला, मूळचा कापडउद्योगातला. त्याची कल्पना अशी, की किल्लीवरच काहीतरी सोपं गणित करावं आणि जे उत्तर येईल त्या क्रमांकाच्या खणात नोंद टाकावी. शोधताना तेच गणित पुन्हा केलं की थेट त्याच खणापाशी पोचतो. सगळं कपाट धुंडाळायला नको.

समजा रजिस्टर नंबर ४७३७ आहे. शेवटचे दोन आकडे घ्या आणि ३७ व्या खणात जा. ५१३७ सुद्धा तिथेच येणार, हे खरं. लूनने त्यावर सुचवलेली तोड म्हणजे एका खणात आलेल्या नोंदी एकामागे एक ओवून ठेवायच्या. १९५४ च्या सुमारास आयबीएममध्येच जीन ॲम्डाल, इलेन मॅकग्रॉ, नॅथानिएल रोचेस्टर आणि आर्थर सॅम्युएल या मंडळींनी दुसरी तोड काढली: खण भरलेला असला तर शेजारचा रिकामा बघायचा. गंमत म्हणजे तिकडे सोव्हिएत रशियात आंद्रेई येर्शोव याने हीच गोष्ट १९५७-५८ च्या आसपास स्वतंत्रपणे शोधली. शीतयुद्ध एकीकडे आणि कपाट लावायची अडचण एकीकडे! अडचण सारखी असली की अक्कलही सारखीच चालते.

या पद्धतीला पुढे 'हॅशिंग' असं नाव पडलं. हॅश म्हणजे बारीक चिरून कालवलेलं. १९६८ साली रॉबर्ट मॉरिस याच्या एका लेखानंतर तो शब्द छापील लिखाणात रुळला. चिरून कालवल्याचा एक तोटा म्हणजे मूळ क्रम जातो. सगळ्या किल्ल्या दाखव म्हटलं की त्या कशाही क्रमाने बाहेर पडतात. आपलं जनरल रजिस्टर बघा, जो आधी शाळेत आला त्याचा नंबर आधी. पायथॉन भाषेने ही साधी गोष्ट, म्हणजे जशा क्रमाने घातलं तशाच क्रमाने बाहेर येईल ही हमी, २०१८ मध्ये ३.७ या आवृत्तीत दिली.

असो. वेगाचा प्रश्न सुटला. पण माझा प्रश्न वेगळा होता. खणात ते नसलंच तर?

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जॉन मकार्थी याने १९५८ साली लिस्प भाषेचं काम सुरू केलं. लिस्पमध्ये कपाट नव्हतं, जोड्यांची यादी होती. किल्ली आणि वस्तू एकत्र बांधलेल्या. 'असॉक' नावाची क्रिया किल्ली घेऊन यादीत शोधायची. आणि शोधून काय द्यायची? नुसती वस्तू नव्हे, अख्खी जोडी. मला हे फार आवडलं. कारण मुलगा सापडला पण त्याची जन्मतारीख कोरी आहे, असं असेल तर हातात मुलगा आणि कोरा रकाना अशी जोडी येते. मुलगाच नसेल तर हातात काहीच येत नाही. दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळी उत्तरं. १९६२ च्या लिस्प १.५ मध्ये 'सॅसॉक' नावाची आणखी एक बहीण होती. तिला आधीच सांगून ठेवायचं, की सापडलं नाही तर अमुक कर. म्हणजे नसण्याचा विचार शोधायला निघायच्या आधीच करायचा.

मग आली ऑब्जेक्टची कल्पना. नॉर्वेत ऑस्लोला ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्युगार्ड यांनी १९६७ च्या सिम्युला भाषेत ती मांडली. मी ती अशी समजून घेतली: पूर्वी दप्तर वेगळं आणि कारकून वेगळा. ऑब्जेक्टमध्ये दप्तर आणि कारकून एकच. तुम्ही कपाटाला हात लावायचा नाही. कारकुनाला विचारायचं, तो देईल. आणि नेस्टेड संग्रहात गंमत अशी, की पहिला कारकून तुम्हाला वस्तू देतच नाही, तो दुसऱ्या कारकुनाकडे नेऊन उभं करतो. "वर्ग चौथी? हे बघा चौथीचे कारकून, यांना विचारा." मग त्यांना विद्यार्थी विचारायचा, ते आणखी तिसऱ्याकडे नेणार. सरकारी कचेरीत गेलेल्या कोणालाही हे सांगायला नको!

कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगाल्स, ॲडेल गोल्डबर्ग या मंडळींनी १९७२ पासून स्मॉलटॉक ही भाषा घडवली. मुलांनी कॉम्प्युटर वापरून शिकावं हा त्यामागचा एक मोठा हेतू, म्हणून ती मला जवळची वाटली. त्यातल्या किल्ली-वस्तूच्या संग्रहाचं नावच 'डिक्शनरी'. तिला 'कीज' विचारलं की ती सगळ्या किल्ल्यांचा संच द्यायची, आणि 'व्हॅल्यूज' विचारलं की सगळ्या वस्तूंची पिशवी. संचात एक गोष्ट एकदाच येते, पिशवीत कितीही वेळा. तीन संजयांचा विचार तिथे केलेला होता!

आणि नसलं तर? स्मॉलटॉकची डिक्शनरी गप्प बसत नसे. 'ॲट' म्हणून किल्ली दिली आणि ती नसली, तर काम थांबवून सरळ चूक दाखवायची: किल्ली सापडली नाही. तसं नको असेल तर 'ॲट, इफ ॲबसेंट' म्हणायचं आणि नसल्यास काय करायचं ते शेजारीच लिहून द्यायचं. लिस्पच्या त्या बहिणीचीच ही पुढची पिढी.

इथवर सगळं शहाणपणाचं वाटतं ना? पण मधल्या काळात एक गोष्ट घडून गेली होती. १९६५ साली टोनी होअर हा इंग्रज संशोधक अल्गॉल डब्ल्यू नावाच्या भाषेवर काम करत होता. (हा मुळात ग्रीक-लॅटिनचा विद्यार्थी, म्हणजे आपल्यासारखाच कला शाखेचा!) एका वस्तूने दुसऱ्या वस्तूकडे बोट दाखवायची सोय त्याला करायची होती. बोट दाखवायला काहीच नसेल तर? त्याने 'नल' ठेवला. कुठेही न दाखवणारं बोट. करायला सोपं होतं, म्हणून केलं. पुढे २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्याने उभं राहून सांगितलं, की ही माझी अब्ज डॉलरची चूक होती. त्या एका सोयीमुळे इतकी वर्षं किती प्रोग्रॅम कोसळले, किती नुकसान झालं, याचा तो हिशोब.

चव्वेचाळीस वर्षांनी आपली चूक सभेत कबूल करणारा माणूस मला मोठा वाटला. हे वाचून मी कागद खाली ठेवला आणि थोडा वेळ बाल्कनीत जाऊन बसले.

नलचा घोळ नेमका काय, तो नेस्टेड संग्रहात स्वच्छ दिसतो. पहिल्या कारकुनाला विचारलं, "चौथीचे कारकून कुठे आहेत?" तो म्हणाला नाही की "नाहीत". त्याने नुसता हात केला, रिकाम्या खुर्चीकडे. तुम्ही त्या रिकाम्या खुर्चीला विचारता, "अमुक मुलाचे गुण द्या हो." तिथे प्रोग्रॅम कोसळतो. नातीचं दोन दिवस हेच चाललं होतं.

दुसऱ्या टोकाच्याही भाषा निघाल्या. १९७७ साली बेल लॅब्समध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहान यांनी ऑक ही भाषा केली (तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं). तिच्या यादीत नसलेली किल्ली नुसती वाचायला मागितली, तरी ती किल्ली तयार होते आणि पुढे कोरी जागा. १९८७ मध्ये लॅरी वॉल याची पर्ल आली. १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत एकात एक संग्रह ठेवायची चांगली सोय झाली, पण सवय तीच. तीन पातळ्या खाली असलेली नोंद "आहे का?" असं नुसतं विचारलं, तरी वरच्या दोन पातळ्या आपोआप तयार होतात. म्हणजे बघा, तुम्ही शाळेत येऊन विचारलंत, "चौथी क मध्ये अमुक मुलगा आहे का?" मुलगा नाही. चौथी क सुद्धा नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून शाळेत चौथी क चा कोरा हजेरीपट तयार झाला! लिहायला सोयीचं खरं, पण चौकशीनेच दप्तर बदलायला लागलं, तर दप्तरावर भरवसा कसा ठेवायचा?

पायथॉन भाषा नेदरलँड्समध्ये गिडो व्हॅन रॉसम याने केली, ती १९९१ मध्ये बाहेर आली. तिची वृत्ती स्मॉलटॉकसारखी, किल्ली नसली की ओरडायचं. पण सोबत मवाळ मार्गही दिला, 'गेट' म्हणायचं आणि नसल्यास काय धरायचं ते सांगायचं.

आणि नातीची जावा? १९९६ च्या पहिल्या जावात 'हॅशटेबल' होतं. त्यात नल ठेवायलाच बंदी होती, ना किल्ली म्हणून ना वस्तू म्हणून. त्यामुळे शोधून नल मिळाला तर अर्थ एकच: किल्ली नाही. १९९८ च्या डिसेंबरमध्ये जावा १.२ आली. तिच्यात जोशुआ ब्लॉक याच्या पुढाकाराने संग्रहांची नवी, देखणी मांडणी आली. सगळ्या किल्ल्या हव्यात तर 'की-सेट', सगळ्या वस्तू हव्यात तर 'व्हॅल्यूज', आणि जोड्या हव्यात तर 'एंट्री-सेट'. लिस्पच्या जोड्या परत आल्या म्हणायच्या. नेस्टेड संग्रह चालायला हीच उत्तम रीत, असं नात म्हणते. बाहेरची एकेक जोडी घ्यायची, तिच्यातला आतला संग्रह उघडायचा, त्याची एकेक जोडी घ्यायची. जे आहे तेच हाती येतं, नसलेल्याला हाक मारायची वेळच येत नाही.

पण त्याच मांडणीतल्या 'हॅशमॅप'मध्ये नल ठेवायची मुभा दिली गेली. झालं! आता 'गेट' म्हटल्यावर नल आला तर दोन अर्थ. मुलगा शाळेत नाही, किंवा मुलगा आहे पण रकाना कोरा आहे. नक्की काय ते कळायला 'कन्टेन्स-की' असं वेगळं विचारावं लागतं. आणि तो दुसरा प्रश्न घाईत कोण विचारतो?

२०१४ च्या मार्चमध्ये जावा ८ आली आणि तिच्यात 'गेट ऑर डिफॉल्ट' आलं, नातीने वापरलं ते. नसल्यास हे धर. त्याच आवृत्तीत 'ऑप्शनल' नावाची एक बंद डबीही आली. उत्तर डबीतून येतं, डबी रिकामी असू शकते हे तिच्यावरच लिहिलेलं, त्यामुळे उघडताना विचार करावा लागतो. आणि २०२० मध्ये चौदाव्या आवृत्तीत एक साधी पण मोलाची सुधारणा झाली. तोवर एकाच ओळीत चार किल्ल्या लावल्या आणि प्रोग्रॅम कोसळला, तर फक्त ओळीचा नंबर कळायचा. कोणत्या पातळीवर रिकामी खुर्ची होती ते कळत नसे. आता निरोपात तेही सांगता येऊ लागलं. पंचवीस वर्षं लागली याला! यंत्राकडून नीट उत्तर मिळवायचं तर आधी माणसाला नीट विचारायला शिकावं लागतं, दुसरं काय.

हे सगळं वाचून माझ्या इतिहासाच्या वहीत मी एवढंच लिहिलं: नसलेल्याचं काय करायचं याच्या रीती चार. ओरडायचं, गप्प रिकामा हात दाखवायचा, आपल्या मनाने काहीतरी धरून चालायचं, किंवा 'नाही' असं डबीवर लिहून द्यायचं. यातली तिसरी सर्वांत सोयीची. आणि तिसरीच सर्वांत फसवी, कारण धरून चाललेली गोष्ट एकदा लिहिली की खऱ्या गोष्टीसारखीच दिसते. नातीचा तो शून्य बघा. त्याच्याकडे बघून कोणाला कळणार होतं, की हा मिळवलेला शून्य नाही, धरलेला आहे?

आता ३१ मेच्या फोनकडे येते.

१९७३ चा जून. बहात्तरचा दुष्काळ अजून सरला नव्हता. गावातली निम्मी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. एक बाई तशीच कामावरून आली, हाताला चिंध्या बांधलेल्या, सोबत हा पोरगा. नाव घातलं, वडिलांचं नाव घातलं. जन्मतारीख? "तारीख न्हाई ठाऊक बाई. पोळ्याच्या सणाला झाला. भूकंप झाला तवा तीन महिन्याचा व्हता, पाळण्यात."

माझ्यापुढे दारात वीस जणं उभी होती. पहिलीला सहा पूर्ण दाखवायची पद्धत होती. आणि तारीख ठाऊक नसली की १ जून टाकायची, हीही पद्धत होती. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या किती माणसांचा वाढदिवस १ जून आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी लिहिलं: १ जून १९६७. अंकी आणि अक्षरी. माझ्या सुंदर अक्षरात.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तो काही विसरण्यासारखा दिवस नव्हता, मी स्वतः त्या पहाटे घरच्यांबरोबर अंगणात धावले होते. त्याआधी तीन महिने म्हणजे सप्टेंबर. त्या साली पोळा आला होता सप्टेंबरच्या सुरुवातीला, मी आता पंचांगात पाहिलं. म्हणजे त्या अक्षरशत्रू माउलीने मला तारीख सांगितलेली होती! तिने एक सोडून दोन किल्ल्या माझ्या हातात दिल्या होत्या, पोळा आणि भूकंप, आणि दोन्ही एकाच खणापाशी नेत होत्या. मी 'तारीख' एवढी एकच किल्ली लावून पाहिली, कुलूप उघडलं नाही, आणि माझ्या मनाने वस्तू ठेवून मोकळी झाले. पाच मिनिटांचं काम होतं.

बरं, नसेल वेळ. पण शेऱ्याच्या रकान्यात 'अंदाजे' एवढा एक शब्द लिहिला असता तरी पुढच्या कोणीतरी विचारलं असतं. तोही लिहिला नाही. कोरा रकाना बोलतो, निदान कोरा आहे हे तरी सांगतो. माझा १ जून काहीच बोलला नाही.

महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे. खऱ्या तारखेने तो २०२५ च्या ३० सप्टेंबरला निवृत्त झाला असता. चार महिन्यांचा पगार गेला, जुलैची वेतनवाढ हुकली, आणि ती हुकली म्हणजे जन्मभराच्या पेन्शनमध्ये तेवढी खोट. तारीख बदलून घ्यायचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. तेव्हा त्याच्यापाशी पुरावा काय होता? आईचा शब्द. आणि समोर सरकारी दप्तरात माझं सुंदर अक्षर.

तो फोनवर हसत होता, तक्रार करत नव्हता. म्हणाला, "आमच्या टेबलावर तिघं होतो, तिघं १ जूनवाले. एकदमच निरोप दिला." त्याला खरंच राग नव्हता. म्हणूनच मला जेवण गेलं नाही.

नातीला मी ही सगळी गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने प्रोजेक्ट उघडलं आणि तो शून्य काढून टाकला. आता नोंद नसली की तिथे 'गैरहजर' असं दिसतं आणि सरासरीत तो मुलगा धरलाच जात नाही. चार ओळी जास्त लिहाव्या लागल्या, म्हणाली. म्हटलं, लागू देत.

त्या वर्षी पोळ्याला मी त्याला फोन केला. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "बाई, पोळ्याला फक्त आई ओवाळायची. ती गेल्यापासून..." पुढे बोलला नाही. मी माफी मागितली. तो "छे छे बाई" म्हणाला, जसं म्हणायची रीत आहे तसं.

तो एक झाला. पण त्या शाळेत मी नऊ वर्षं होते आणि दर जूनला पहिलीची नावं मीच घालत होते. किती १ जून लिहिले असतील त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. तुमच्याही घरात कोणी १ जूनवाले असतीलच. घरातलं एखादं म्हातारं माणूस अजून हयात असेल तर त्यांना एकदा विचारून ठेवा. तारीख विचारू नका, ती त्यांना माहीत नसते. पूर केव्हा आला होता, कोणाचं लग्न होतं, शेतात काय उभं होतं, ते विचारा. आणि जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. नक्की कळलं नाही तर शेजारी 'अंदाजे' लिहायला विसरू नका.